आत्याबाईंचे दात आणि शेजाऱ्यांचा भुरा कोळसा

जन्मात मी युरोप पाहिला नाही, कोळशाची खाण पाहिली नाही. तरी एक काळ असा होता की कोणता देश आपल्या कोणत्या शेजाऱ्याकडून भुरा कोळसा घेतो, कोणत्या साली जास्त घेतला आणि कोणत्या साली हात आखडला, हे मला आंधळगावात चुलीपुढे बसून तोंडपाठ होतं. भाकरी थापता थापता मी पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया असं पुटपुटायची. एकदा शेजारीण विस्तव मागायला आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हळूच विचारून गेली, "सुनेले काही लागलं-बिगलं का वं? बाहेरचं वाटते."

लागलं होतंच. एम.ए.चं लागलं होतं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, अकरावी-बारावीचे वर्ग नुकतेच शाळांना जोडले जात होते, आणि मोहाडीत भूगोल शिकवायला माणूस हवा होता. एम.ए. झालेला. मी बी.ए., बी.एड. होते आणि गावच्या शाळेत पाचवी-सहावीला दिशा शिकवत होते. मोहाडीची ती जागा मला हवी होती; इतकी की त्या रस्त्याने बस गेली तरी मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. मामाजी, म्हणजे सासरे, म्हणाले, "दोन साल घे. दोन सालात झालं तं झालं, नाई तं मंग घर पाह्य." तोडून बोलायची त्यांची पद्धतच होती. मी दोन वर्षांवर सही केल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. नागपूरचे आमचे सर शांत माणूस, बोलताना खिडकीबाहेर बघायचे. त्यांनी विषय दिला: शेजारी देशांमधली तपकिरी, म्हणजे भुऱ्या, कोळशाची आयात, तिचा चढ आणि उतार. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे धान पिकतं. धानावर देता का?" सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धानावर तुम्हाला सगळं माहीतच आहे. मग शोधणार काय?" त्या दिवशी वरठीपर्यंत गाडीत मी रागाने खदखदत होते. वरठीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा एक मालगाडी कोळसा घेऊन उभी होती, तिच्याकडेसुद्धा रागानेच पाहिलं. तो काळा कोळसा होता, आणि माझा भुरा. एवढंच काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग हळूहळू कुतूहल लागलं, आणि ते लागलं की सुटत नाही. काळा कोळसा समुद्र ओलांडून जातो, जहाजं भरभरून. भुरा कोळसा मात्र शेजाऱ्याच्या दारापर्यंतच जातो. सीमेच्या अलीकडे खाण, पलीकडे वीजघर, नाहीतर थंडीत खोल्या गरम करणारी घरं. का? कारण तो कच्चा असतो, अंगात पाणी धरून असतो, लांब न्यायला परवडत नाही. हे मी पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, माझ्या हाताने, टपोऱ्या अक्षरात: "या कोळशात आर्द्रतेचे प्रमाण पुष्कळ असते." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

दर शनिवारी शाळा सुटली की मी मोहाडीवरून वरठी गाठायची, तिथून नागपूर, आणि ग्रंथालयात बसून जाडजूड पुस्तकांतले तक्ते उतरवून घ्यायची. रविवारी परत. घरी येऊन तक्त्यांच्या रेघा काढायची. तेल महागलं तशी इकडची रेघ वर चढली, तिकडे कुणी वायूची नळी टाकली तशी एक रेघ खाली बसली. दोन शेजारी एकमेकांशी राजकारणात तोंड फिरवून बसलेले, पण कोळसा मात्र चालूच. मला त्याची भारी मजा वाटायची. आमच्या गल्लीतही दोन घरं होती, बोलणं बंद, पण विस्तवाची देवाणघेवाण सुरू. मी आत्याबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग? विस्तवानं काय बिघडवलं कोनाचं?"

आता आत्याबाईंबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या दोन वर्षांत घराचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं. पाणी, सारवण, दळण, जनावरं. मी हात लावायला गेले की म्हणायच्या, "जा वं, तुहं ते पाह्य. माहे हात काही झिजत नाई." त्या शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख शून्य. पण त्यांचे दात! मामाजी आसपासच्या गावचं धान घेऊन वरठीच्या राईस मिलला धाडायचे. धान ओलं आहे की वाळलेलं, यावर सगळा व्यवहार. ओलं घेतलं तर पुढे वजन घटतं, पोत्यात वास सुटतो, मिलवाला तोंड वाकडं करतो. हे ओळखायला आमच्याकडे यंत्र नव्हतं, आत्याबाई होत्या. दाणा दाढेखाली धरायच्या आणि चावायच्या. कट्ट असा आवाज आला की वाळलेलं. आवाज न होता दाणा दबला की ओलं. मधले जे दहा प्रकार, ते फक्त त्यांना कळायचे. "दोन उन्हं अजून पाहिजे." "वरून वाळलं, आतून नाई." "या धानावर पानी शिंपडलं बाप्पा, लबाड हाये." एकदासुद्धा चुकल्याचं मी पाहिलं नाही.

पण गंमत अशी की हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. शेतकरी ओट्यावर नमुना घेऊन बसायचा. मामाजी मूठभर दाणे घ्यायचे, "पानी पिऊन येतो" म्हणून आत यायचे, स्वयंपाकघराच्या दारात हात पुढे करायचे. आत्याबाई दाणा चावायच्या, दोन शब्द बोलायच्या. मामाजी मिशा पुसत बाहेर जायचे आणि ठणकावून सांगायचे, "दोन उन्हं दे याले, मंग आन." सगळ्या पंचक्रोशीत त्यांचा लौकिक होता की हा माणूस धान नुसतं पाहून ओळखतो. बाजारात लोक त्यांना विचारायला यायचे. तेही सांगायचे, "सराव लागते, बाबू. सराव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी आत्याबाईंना म्हणायची, "तुम्हाला राग नाही येत? तुमच्या दातांवर हे मिरवून राहिले!" त्या विळीवर भाजी चिरत म्हणायच्या, "मिरवू दे न. धान तं बरोबर येते घरात." मी मनात म्हणायची, मी असते तर नाव घेतल्याशिवाय सोडलं नसतं. अशा गोष्टी मनात म्हणताना फार बरं वाटतं.

तर तक्ते. कार्तिकाच्या सुमाराला माझ्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली. दोन शेजारी देश होते. कोणते ते सांगत नाही, दोघांच्याही अंगणात आता नवी घरं झाली आहेत, म्हणजे नकाशेच बदलले आहेत. त्यांतला विकणारा म्हणायचा, मी शेजाऱ्याला इतका भुरा कोळसा धाडला. घेणारा म्हणायचा, मला त्याहून बराच कमी मिळाला. एका वर्षाचं नाही, दरवर्षी. दोघांच्या दोन रेघा काढल्या तर त्या बैलगाडीच्या चाकोरीसारख्या शेजारून शेजारून चाललेल्या, मध्ये तेवढंच अंतर. आणि मग अचानक एका सालापासून अंतर मिटत आलेलं. रेघा जवळजवळ चिकटलेल्या.

म्हटलं, सापडलं! मध्ये कोळसा कुठे जातो? चोरी! सीमेवर, आगगाडीतून, कुणीतरी वर्षानुवर्षं उतरवून घेतंय, आणि एका साली पहारा बसला म्हणून बंद झालं. मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. अठरा पानं. भाषा अशी चढलेली की वाचताना मलाच जोर यायचा. "मार्गातील अपहार" असं त्याला नाव दिलं.

संध्याकाळी चुलीपुढे हे सगळं आत्याबाईंना सांगितलं. त्यांना माझे दोन देश माहीत झाले होते, त्या त्यांना "इकनारा" आणि "घेनारा" म्हणायच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची खबर विचारावी तशी त्यांची खबर विचारायच्या. चोरीचं ऐकून त्यांनी लाकूड चुलीत पुढे सारलं. मग म्हणाल्या, "दरसाल तेवढंच चोरते?"

"हो ना. साधारण त्याच हिशेबात. धाडलं जास्त तर जास्त, कमी तर कमी."

"असा चोर मी नाई पाह्यला," त्या म्हणाल्या. "चोर होय का जावई होय? चोर कधी लय नेईन, कधी थोडं नेईन, कधी येनारच नाई. मापून चोरते का कोनी?"

मी म्हटलं, "आत्याबाई, ते युरोपातले चोर आहेत." आज आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

पौष लागता लागता मी ते प्रकरण घेऊन सरांकडे गेले. सरांनी अठरा पानं वाचली, शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने एक गोल काढला आणि आत लिहिलं: "पुरावा?" म्हणाले, "चोरी असू शकते. पण चोरीच कशावरून? दुसरं काही कारण असेल तर? संक्रांतीच्या आठवड्यात प्रबंध पुढे पाठवायचा आहे. हे प्रकरण असंच राहिलं तर मी सही करणार नाही." मग खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले, "आणि काढून टाकलंत तर उरतं ते पुरेसं नाही."

म्हणजे दोन्हीकडून मेले. सही नाही तर एम.ए. नाही, एम.ए. नाही तर मोहाडी नाही, आणि मामाजींची दोन वर्षं उन्हाळ्यात भरत होती. रडू येईल म्हणून मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सर, हा भुरा कोळसा दिसतो तरी कसा?" सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दीडशे पानं लिहिलीत आणि पाहिला नाहीत?" त्यांनी कपाटातून एक रुंद तोंडाची काचेची बरणी काढली. तळाशी पाणी, पाण्यात एक ढेकूळ. दक्षिणेतल्या एका खाणीवरून कुणी आणून दिलेलं. म्हणाले, "घेऊन जा, चित्र काढा, पुढच्या खेपेला परत आणा. फक्त पाण्याबाहेर ठेवू नका. मोडेल."

मी ती बरणी मांडीवर धरून वरठीपर्यंत आले. बसमध्ये एकाने विचारलं, "लोनचं होय का, बाई?"

घरी सगळे जमले. ढेकूळ चॉकलेटी, ओल्या मातीसारखं, पण त्यात लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. मामाजींची सवय अशी की घरात आलेली कोणतीही नवी वस्तू आधी तराजूवर चढायची. लग्नात माझी पेटीही चढली होती म्हणतात. त्यांनी ढेकूळ पाण्यातून काढून पुसलं आणि तोललं. अर्ध्या किलोच्या मापाला पुरून वर थोडं उरलं. "वजनदार हाये," ते समाधानाने म्हणाले, जणू विकायचंच आहे. मी घाईघाईने ते परत पाण्यात टाकलं, बरणी फळीवर ठेवली, आणि सगळ्यांना ताकीद दिली की हात लावू नका. का लावू नका, हे सांगायचं राहिलं. घोळ तिथेच झाला.

त्या दिवसांत शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल होती. मी सकाळी जायची ती अंधार पडायच्या बेताला यायची, बरणीकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी एका आठवड्याची नागपूरची खेप चुकवली आणि रविवारी चित्र काढायला बसावं म्हणून फळीकडे हात नेला तर बरणी रिकामी. धुऊन, पुसून, उपडी घातलेली.

"आत्याबाई!"

त्या अंगणातून ओरडल्या, "काय झालं वं?"

अंगणात चटईवर धान वाळत घातलेलं होतं. त्याच्या कडेला एक सूप, सुपात माझं ढेकूळ. ढेकूळ कसलं, भेगाच भेगा, पापुद्रे सुटलेले, दोन तुकडे तर मोकळे झालेले. रंग उडून फिका पडलेला. त्यांनी ते आठ-दहा दिवस रोज सकाळी उन्हात ठेवलं होतं, संध्याकाळी आत आणलं होतं, आणि मधूनमधून पालटवलंही होतं.

मी जे बोलले ते लिहीत नाही. मोठ्याने बोलले. सरांची वस्तू, माझं एम.ए., मोहाडी, दोन वर्षं, सगळं त्या सुपावर ओतलं. "काहून काढलं तुम्ही? कुणी सांगितलं होतं?" सासूवर आवाज चढवण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा प्रसंग. शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

आत्याबाई घाबरल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं की मी का ओरडते आहे. म्हणाल्या, "ओलं होतं वं. ओली वस्तू पान्यात बुडवून कोनी ठेवते का? सडली असती न. मी चावून पाह्यलं, दबलं. म्हटलं वाळवून द्यावं पोरीले."

"चावलं? कोळसा चावला?"

"मंग ओलं-कोरडं कसं समजन?" एवढं बोलून त्यांनी सुपातला एक कपचा उचलला, दाढेखाली धरला आणि चावला. कट्ट. "आता वाळलं," त्या म्हणाल्या आणि अंगणाच्या कडेला थुंकल्या.

मामाजी आवाज ऐकून बाहेर आले होते. त्यांनी सूप उचललं आणि तराजूपाशी नेलं. भांडणात त्यांना रस नव्हता, वजनात होता. सगळे तुकडे, भुगासुद्धा, पारड्यात टाकला. अर्ध्या किलोचं माप ढिम्म हलेना. ते काढून पाव किलोचं ठेवलं, तेव्हा कुठे पारडं थोडं खाली झुकलं. मामाजी म्हणाले, "अरे बाप! कुठं गेलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "कुठं जाईन? वाळलं." मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते मी पुढे मोठमोठ्या विद्वानांच्या चेहऱ्यावर शोधलं, क्वचित सापडलं. निव्वळ उत्सुकता होती ती. "का वं," त्या म्हणाल्या, "तुहा तो इकनारा, तो ओलं मोजते का वाळलेलं मोजते?"

मी पारड्याकडे पाहिलं.

"आन् घेनारा?" त्या म्हणाल्या. "तो वाळवून मोजत असन. म्हनून दरसाल तेवढंच कमी भरते. पान्यानं चोरलं, बाई. चोर नाई त्यात कोनी."

"पण मग ते साल? रेघा चिकटल्या ते?"

त्यांनी पदराला हात पुसले. "त्या सालापासून इकनारा घरूनच वाळवून धाडत असन."

मी आत पळत गेले, पहिलं प्रकरण काढलं. "या कोळशात आर्द्रतेचे प्रमाण पुष्कळ असते." माझंच अक्षर. धानाच्या घरात राहून, रोज कट्ट कट्ट ऐकून, मी दीडशे पानं लिहिली आणि हे मला दिसलं नव्हतं. बाहेर येऊन मी आत्याबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "झालं का आता? मंग ते भांडे घे घासायले."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून नागपूर गाठलं. त्या जाड पुस्तकांच्या शेवटी बारीक टायपात टिपा होत्या, ज्या मी वर्षभर वाचल्याच नव्हत्या, कारण त्या बारीक टायपात होत्या. विकणाऱ्याच्या टिपेत होतं: खाणीतून निघतो तसा. घेणाऱ्याच्या टिपेत होतं: वाळवलेल्या कोळशाच्या वजनात. आणि पुढे, अंतर मिटलं त्याच सालाच्या खाली, की आता विकणारा कोळसा वाळवून, दाबून, त्याच्या विटा करून धाडतो. माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मी टेबलावर हात आपटला तेव्हा ते दचकले.

सरांना त्यांच्या ढेकळाचे तुकडे रुमालात बांधून दिले. त्यांनी गाठ सोडून पाहिलं आणि ते म्हणाले, "बरणी तरी आणलीत, आभारी आहे." नवं प्रकरण वाचून मात्र त्यांनी लगेच सही केली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते, चष्मा कपाळावर ठेवून बघणारे. त्यांनी तेच प्रकरण उघडलं. म्हणाले, "हे चांगलं आहे. अनेकजण या फरकात फसतात. तुम्हाला हे सुचलं कसं?"

माझ्या डोळ्यांपुढे अंगण आलं. सूप आलं. आणि लगेच दुसरं आलं: मी म्हणणार, माझ्या सासूने कोळसा चावला. हे हसतील. गावची बाई म्हणतील. मोहाडीची जागा डोळ्यांपुढे नाचली. मी साडीचा पदर सावरला आणि म्हणाले, "दोन्ही तक्त्यांचा तुलनात्मक अभ्यास करताना लक्षात आलं, सर. सरावाने."

सरावाने! मामाजींचाच शब्द. मिशा तेवढ्या नव्हत्या पुसायला. आमचे सर खिडकीबाहेर बघत होते.

मी पास झाले. मोहाडीची जागा मिळाली. प्रबंधाची एक प्रत लाल कापडी बांधणीत घरी आली. आत पहिल्याच पानावर आभार होते: सरांचे, ग्रंथालयाचे, आणि "शिक्षणाची परवानगी दिल्याबद्दल" मामाजींचे. आत्याबाईंनी ती प्रत फडक्यात बांधून पंचांगाशेजारी ठेवली. कधी उघडायला लावली नाही. मला वाटलं, सुटले.

वर्षं गेली. मामाजी गेले. धानाचा व्यापार बंद झाला, आत्याबाईंच्या दाढा एकेक करून पडल्या, आणि त्या भात मऊ करून खाऊ लागल्या. एका दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आत्याबाईंनी फडकं सोडलं, लाल पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि अगदी सहज विचारलं, "यात माहं कुठं हाये?"

मी गडबडले. "काय तुमचं?"

"ते कोळशाचं. मी चावून सांगतलं ते. कुठं लिहिलं? वाचून दाखव."

नाही म्हणायला तोंड झालं नाही. मी आभाराचं पान उघडलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं बोलले, "माझ्या सासूबाईंनी भुरा कोळसा दाढेखाली चावून पाहिला आणि पाण्याने चोरी केली हे मला सांगितलं, म्हणून हा प्रबंध पुरा झाला."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला माझी लाज वाटली. "अजून एकदा वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला घेऊन आल्या, तीच ती, विस्तव मागणारी. "इले वाचून दाखव न." मी पुन्हा पान उघडलं, पुन्हा बोट ठेवलं, आणि बोलले, "माझ्या सासूबाईंनी आर्द्रतेची कल्पना दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे..."

शेजारीण "वा वा" म्हणाली. ती गेल्यावर आत्याबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "काल असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काल चोरी होती त्यात. दाढ होती. लिहिलेलं रोज बदलते का?"

मी पुस्तक मिटलं. बाहेर कुणाच्या तरी अंगणात धान पाखडल्याचा आवाज येत होता.

"नाई लिहिलं न?"

मी मान हलवली. आता त्या रडतील, नाहीतर बोलतील, आणि दोन्ही मला चाललं असतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तुहे मामाजीबी असेच होते," आणि पुस्तक स्वतःकडे ओढून फडक्यात बांधू लागल्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्ता लिहिते. तुमच्यासमोर लिहिते." शाईचं पेन काढलं, आभाराचं पान उघडलं. मामाजींच्या नावाखाली कोरी जागा होती, तिच्याकडेच बघत बसले.

"मी सांगतो, तू लिही," त्या म्हणाल्या, आणि आदल्या दिवशी मी खोटं खोटं वाचलेलं वाक्य, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, माझ्याच पुस्तकी भाषेत, त्यांनी मला सांगितलं. मी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. त्यांनी बोट पाहिलं, पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "वाळू दे आता. आन् खाली तारीख टाक. आजची टाक. तवाची नोको टाकू."